वाफेच्या नळीवरील दाबनियंत्रक झडप : बसविताना घ्यावयाची दक्षता

आंबा, टोमॅटो यांसारख्या मालावर गावातच प्रक्रिया करण्याचा प्रयत्न अनेक सहकारी संस्था व शेतकरी गट करीत आहेत. या कामात रस आटविण्यासाठी वाफेच्या दुपदरी कढया वापरतात. कढईच्या दोन पदरांमध्ये वाफ सोडली म्हणजे रस न करपता सारखा तापतो. परंतु बॉयलरमधील वाफेचा दाब कढईला सोसणाऱ्या दाबापेक्षा बहुधा पुष्कळच अधिक असतो. हा दाब उतरविण्यासाठी वाटेत जी झडप बसवितात, ती दाबनियंत्रक झडप होय. कारागीर तिला रिड्यूसिंग व्हॉल्व्ह किंवा पीआरव्ही म्हणतात.

ही झडप बसविण्याचे काम जाणकार फिटरचे आहे. मात्र ते नीट झाले आहे किंवा नाही, हे पाहणे संस्थेच्या पंचांचे व तेथे मार्गदर्शन करणाऱ्या कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.

दाब वाढल्यास काय होते ?

उदाहरणादाखल असे समजू की, बॉयलर दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाबावर चालतो आणि कढईस २ किलोग्रॅम दाब हवा आहे. ६० सेंटिमीटर व्यासाच्या सपाट पृष्ठभागावर २ किलोग्रॅम दाबाने सुमारे साडेपाच टन भार येतो. तोच दाब ७ किलोग्रॅम झाल्यास भार सुमारे वीस टन होतो. वाफेचे उष्णतामानही सुमारे १३३ अंशांवरून १७० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. अशा वेळी कढईचा आतील पत्रा फुगून फाटला, तर उकळता रस व वाफ जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येते.

नियंत्रक झडप म्हणजे सुरक्षा झडप नव्हे

"बॉयलरवर सुरक्षा झडप आहेच, मग कढईकडे दुसरी कशाला ?" असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. बॉयलरवरील सुरक्षा झडप बॉयलरच्या दाबापुरती असते. आपल्या उदाहरणात ती ७ किलोग्रॅमच्या वर गेल्याशिवाय उघडणारच नाही. कढई त्यापूर्वीच निकामी होईल. दाबनियंत्रक झडप स्वतःही बिघडू शकते. तिच्या बैठकीवर कचरा अडकला, ओल्या वाफेने बैठकीस चर पडले किंवा आतील पडदा फाटला, तर ती पूर्ण मिटत नाही. काम चालू असताना वाफ खर्च होत असल्याने हा दोष लक्षात येत नाही. परंतु कढया बंद केल्या की झिरपणारी वाफ साचत जाते व कमी दाबाच्या नळीतील दाब हळूहळू बॉयलरच्या दाबाइतका होतो.

प्रस्तुत लेखकास एका प्रक्रिया केंद्रात हाच प्रकार पाहावयास मिळाला. दिवसा २ वर असणारा काटा सायंकाळी काम थांबल्यावर ५ वर गेला होता. सुरक्षा झडप सारखी फुसफुसते म्हणून तिची स्प्रिंग कोणीतरी आवळून टाकली होती. नियंत्रक झडप उघडली तेव्हा बैठकीवर वेल्डिंगचा एक बारीक मणी सापडला. नळीवरील गाळणीची जाळी "वारंवार तुंबते" म्हणून पूर्वीच काढून ठेवलेली होती. सुदैवाने कढयांच्या झडपा बंद होत्या, म्हणून अनर्थ टळला. सुरक्षा झडपेचा दोष काहीच नव्हता. ती आपले काम करून इशारा देत होती.

मांडणीचा क्रम

बॉयलरकडून कढईकडे जाताना पुढील क्रम असावा.

१. बंद करण्याची झडप.
२. वाफेतील पाणी वेगळे करणारे भांडे व त्याखाली स्टीम ट्रॅप.
३. गाळणी. हिची जाळी खाली लोंबती न ठेवता आडवी बाजूस ठेवावी. नाहीतर तीत पाणी साचते.
४. पहिला दाबमापक.
५. दाबनियंत्रक झडप. तिच्या अंगावरील बाण वाफेच्या दिशेने असावा व ती आडव्या नळीवर, उत्पादकाने सांगितलेल्या स्थितीत बसवावी.
६. दुसरा दाबमापक.
७. सुरक्षा झडप.
८. कढईकडील बंद करण्याची झडप.

नियंत्रक झडप व सुरक्षा झडप यांच्या मध्ये बंद करता येणारी कोणतीही झडप असता कामा नये. सुरक्षा झडप कढईच्या कमाल अनुज्ञेय दाबाच्या आत उघडली पाहिजे. शिवाय नियंत्रक झडप पूर्ण उघडी राहिली, तर येणारी सर्व वाफ बाहेर टाकण्याइतकी ती मोठी असावी. नियंत्रक झडपेस वळसा घालणारी नळी ठेवलीच असेल, तर तिच्यातून येणारी वाफही हिशेबात घ्यावी. सुरक्षा झडपेचे तोंड माणसांच्या वावरापासून दूर, छपराबाहेर न्यावे.

दाब ७ वरून २ वर उतरला की वाफेचे आकारमान सुमारे अडीच पट होते. म्हणून झडपेपुढील नळी अधिक व्यासाची घ्यावी. दाबमापक वळणदार नळीवर बसवावा, म्हणजे गरम वाफ थेट त्यात शिरत नाही.

बसविताना व सुरू करताना

काम सुरू करण्यापूर्वी नळीतील दाब शून्यावर आणून ती निवू द्यावी. नवी नळी असल्यास झडपेच्या जागी साधा नळीचा तुकडा लावून वाफेने ती स्वच्छ करावी; ही वाफ सुरक्षित जागी बाहेर सोडावी. त्यानंतरच झडप बसवावी.

प्रथम झडपेची स्प्रिंग सैल करावी. नळीतील साचलेले पाणी काढून टाकावे व कढईकडील मार्ग मोकळा ठेवावा. मग बॉयलरकडील झडप अगदी सावकाश उघडावी. ती एकदम उघडल्यास साचलेले पाणी वेगाने आदळून नळ्या व जोड फुटतात. शेवटी स्प्रिंग थोडी थोडी आवळून दुसऱ्या दाबमापकावर हवा तो दाब आणावा.

यानंतर कढईकडील झडप बंद करून दहा मिनिटे काट्याकडे पाहावे. काटा किंचित वर जाऊन स्थिर झाला तर ठीक. तो चढतच राहिला, तर बैठक गळते असे समजून काम थांबवावे. ही परीक्षा हंगामात वरचेवर करावी व दाबाची नोंद वहीत ठेवावी.

कायद्याची बाजू

बॉयलरविषयीचा १९२३ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२५ चा बॉयलर कायदा आला आहे. बॉयलरची नोंदणी, तपासणी व प्रमाणित चालक यांविषयी, तसेच वाफेच्या नळ्यांत फेरफार करण्यापूर्वी, राज्याच्या बाष्पके संचालनालयाच्या कार्यालयाकडे विचारणा करावी.

हंगाम तोंडावर आल्यावर धावपळ होते व तपासणी राहून जाते. म्हणून आंबा उतरण्यापूर्वीच गाळणी साफ करावी, दाबमापक पडताळून घ्यावेत आणि सुरक्षा झडप तपासून तिला सील करून घ्यावे. त्या झडपेची स्प्रिंग आवळण्याचा अधिकार केंद्रातील कोणासही देऊ नये. ती फुसफुसू लागली तर बॉयलरकडील झडप बंद करावी, माणसांना कढईपासून दूर करावे व दोष नियंत्रक झडपेत शोधावा.