घरकुल विकता येत नाही. भाड्याने देता येते का?

अनुदानाच्या घराला विक्रीबंदी असते, कारण त्याच्या भिंतींत मालकाच्या कष्टांबरोबर सरकारचा पैसाही असतो. ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात. २०२५ मध्ये राज्याने त्यात ५० हजारांची भर घातली. त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. हे घर हाती येताच विकले गेले, तर अनुदान विक्रीच्या किमतीत विरून जाते आणि कुटुंब पुन्हा बेघर होते. बंदीमागचे हे कारण रास्त आहे. भाड्याच्या बाबतीत मात्र नियमांनी तेवढा विचार केलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यात २० लाख घरकुलांची मंजुरीपत्रे दिली गेली. ती घरे उभी राहतील तसा भाड्याचा प्रश्न गावोगावी येणार आहे.

जळगावकरांना ‘घरकुल’ म्हटले की आधी घोटाळा आठवतो. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्या प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवले. ते प्रकरण घरे बांधण्याच्या व्यवहाराचे होते. भाड्याचा प्रश्न घर बांधून झाल्यानंतरचा आहे.

असोद्यासारख्या, जळगावला लागून असलेल्या गावात तो लवकर उभा राहतो. जुने धाब्याचे घर पाडून त्याच जागी उठलेल्या दोन खोल्या, पुढे ओटा, दर्शनी भिंतीवर रंगवलेले योजनेचे नाव, लाभार्थ्याचे नाव आणि मंजुरीचे वर्ष, असे घरकुलाचे ओळखीचे रूप. योजनेप्रमाणे ते किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. खान्देशातली कुटुंबे पोटासाठी सुरतेला जातात. उधना, लिंबायत भागांत त्यांच्या वस्त्या आहेत. मागे घराला कुलूप लागते. त्याच वेळी जळगावच्या एमआयडीसीत कामाला आलेला मजूर परवडेल अशी खोली शोधत असतो. कुलूप निघावे आणि दोघांचीही सोय व्हावी, यात सरकारी पैशाचे कोणते नुकसान होते, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

कायद्यांचा कल विक्री आणि भाडे एकाच मापाने मोजण्याचा आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या घरांसाठी १९७१च्या कायद्याच्या कलम ३-ई ने मुळात दहा वर्षांसाठी विक्री, बक्षीस, अदलाबदल आणि भाडेपट्टा सगळेच बंद केले. म्हाडाच्या घराला पाच वर्षे विक्रीबंदी असते. भाड्याने द्यायचे तर मंडळाची ना-हरकत घ्यावी लागते आणि शुल्क भरावे लागते. जळगाव आणि धुळे जिल्हे म्हाडाच्या नाशिक मंडळात येतात. शासनाने दिलेली जागा बहुधा भोगवटादार वर्ग दोनची असते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. ग्रामीण घरकुलाची अडचण वेगळीच आहे. कुटुंबाला पक्के घर नाही, हाच त्याच्या मंजुरीचा आधार. त्यामुळे घर भाड्याला लागले की ‘यांना गरज नव्हतीच’ अशी तक्रार गावातूनच होते, मग मालक मजुरीसाठी परगावी गेलेला का असेना.

खरा धोका आहे भाड्याच्या नावाखाली होणाऱ्या विक्रीत. खरेदीखत नोंदवता येत नाही, म्हणून कागदांची जुडी तयार होते: स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला भाडेकरार, सोबत साठेखत आणि मुखत्यारपत्र. घराच्या किमतीएवढी रक्कम ‘डिपॉझिट’ म्हणून मोजली जाते, भाडे नावापुरते लिहिले जाते आणि कब्जा दिला जातो. बंदीची मुदत संपली की खरेदीखत करून देऊ, असा तोंडी शब्द असतो. सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ साली स्पष्ट केले की मुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या जोरावर स्थावर मालमत्तेची मालकी जात नाही. म्हणजे पैसे देणाऱ्याला मालकी मिळत नाही आणि मूळ मालकाच्या हातून घर गेलेले असते. मुदत संपेपर्यंत किमती वाढतात, मालक वारतो, वारस शब्द मानत नाहीत आणि दोन गरीब कुटुंबे कोर्टाची पायरी चढतात. नियमाने रोखायला हवे ते हे. दरमहा भाडे देऊन वर्षभर राहणाऱ्या मजुराला रोखून काही साधत नाही.

प्रामाणिक भाडेकराराची वाट कायद्यात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू असलेल्या शहरांत कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा सार्वत्रिक समज इथे चुकीचा आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली दुप्पट आकार मागता येतो. गावात घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. त्यात मालकाचे नाव आणि भोगवटा करणाऱ्याचे नाव असे दोन रकाने असतात. भाडेकरूची नोंद दुसऱ्या रकान्यात खुलेपणाने करता आली, तर लपवाछपवीचे कारणच उरणार नाही.

सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळाने हा भेद नियमातच केला आहे. तिथे पहिली किमान पाच वर्षे मालकाने स्वतः राहायचे असते. त्या काळात पूर्ण घर भाड्याने देता येत नाही. मोठ्या घरातली एखादी खोली मात्र परवानगीने देता येते. भारतातही केंद्राने २०२० साली टाळेबंदीनंतर स्थलांतरित मजुरांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली आणि शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांना स्वतंत्र घटक दिला. भाड्याचे घर ही गरिबाची गरज आहे, हे सरकारने एकीकडे मान्य केले आहे. मग कामासाठी परगावी गेलेल्या घरकुलधारकाला मर्यादित मुदतीसाठी, दोन-तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट न घेता, ग्रामपंचायतीत नोंद करून घर भाड्याने देण्याची मुभा का नसावी? विक्रीबंदी कडक ठेवावी आणि भाड्याला उजेडात आणावे, हाच न्याय्य मार्ग आहे.

तोवर घरकुल भाड्याने देणाऱ्या-घेणाऱ्यांनी मंजुरीचा आदेश आणि त्यातल्या अटी आधी वाचाव्यात, मोठी रक्कम ‘डिपॉझिट’ म्हणून मोजू नये आणि मुखत्यारपत्रावर अंगठा देऊ नये. घरकुल बहुतेक वेळा बाईच्या नावावर किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर मंजूर होते. त्यामुळे करारावर तिची सही हवीच; एकट्या नवऱ्याची पुरत नाही.