नऊ नारायण, नऊ नाथ : मराठी सिद्धकथांतील दैवी जन्माचा विचार

मंत्राने वारा बांधणारा, भस्माच्या चिमटीने पुतळ्यात प्राण घालणारा आणि प्रसंगी देवांनाही शरण आणणारा सिद्धपुरुष मराठी मनाला सर्वाधिक परिचित आहे तो ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथामुळे. धुंडीसुत मालू या कवीने शके 1741, म्हणजे इ. स. 1819 मध्ये पूर्ण केलेला हा 40 अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ श्रावणात घरोघरी पारायणासाठी काढला जातो. कवी आपला आधार म्हणून ‘गोरक्षकाव्य किमयागार’ या ग्रंथाचे नाव घेतो.

या ग्रंथातील नाथांचे मूळ भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. ऋषभदेवाच्या शंभर पुत्रांपैकी कवी, हरी, अंतरिक्ष, प्रबुद्ध, पिप्पलायन, आविर्होत्र, द्रुमिल, चमस आणि करभाजन हे नऊ जण योगी झाले. कलियुगाच्या आरंभी श्रीकृष्णाने त्यांनाच द्वारकेत बोलावून पृथ्वीवर अवतार घेण्यास सांगितले, असे मालूकवी सांगतो. त्यानुसार कवी मच्छिंद्र झाला, हरी गोरक्ष आणि करभाजन गहिनी. परंतु एवढ्या थोर कुळातून आलेल्या या नारायणांना जन्मस्थाने मिळाली ती विलक्षण साधी. मच्छिंद्र मासोळीच्या उदरातून आला, जालिंदर यज्ञकुंडातून, कानिफा हत्तीच्या कानातून, रेवण नदीकाठच्या वाळूत सापडला आणि गहिनी चिखलाच्या पुतळ्यातून उठला. गोरक्षाची कथा सर्वांत बोलकी आहे, कारण मच्छिंद्राने दिलेले भस्म स्त्रीने अविश्वासाने उकिरड्यावर टाकले आणि बारा वर्षांनी गुरूने हाक मारताच त्याच उकिरड्यातून बालक उत्तरले.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे देवत्व असूनही सामर्थ्य जन्माबरोबर येत नाही. मच्छिंद्राला बदरिकाश्रमात दत्तात्रेयांचा अनुग्रह घ्यावा लागतो, आणि साबरी विद्या, म्हणजे संस्कृतऐवजी बोलभाषेत रचलेल्या मंत्रांची विद्या, सप्तशृंगीच्या अंबेच्या कृपेनेच साधते. इंग्रज लेखक टॉल्किन यांच्या कल्पित विश्वातही पाच जादूगार हे मुळात दिव्य आत्मेच असून म्हाताऱ्यांच्या देहात पृथ्वीवर पाठवले जातात; मात्र तेथे त्यांना आपले तेज उघड करण्याची आणि बळाने सत्ता गाजवण्याची मनाई आहे, तर येथे तेज गुरूकडून नव्याने मिळवायचे आणि मग मोकळेपणाने वापरायचे असते.

नऊ नारायणांची ही चौकट मात्र मूळची नव्हे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी, शके 1212 मध्ये, सांगितलेली परंपरा आदिनाथ शिवापासून मच्छिंद्र, गोरक्ष आणि गहिनी यांच्यामार्गे निवृत्तिनाथांपर्यंत येते. तिच्यात शिवाने पार्वतीला सांगितलेले रहस्य आहे, नऊ नारायण नाहीत. आणखी एक दाखला तेलुगूतला आहे. पंधराव्या शतकात गौरन या कवीने श्रीशैलाच्या मठाशी निगडित असलेले ‘नवनाथचरित्र’ तेलुगूत द्विपद छंदात लिहिले, आणि तेही शैवच आहे. शैव सिद्धांना वैष्णव कूळ आणि दत्ताचे गुरुत्व देणारी, तीन उपासना एका कथेत बांधणारी जोड मराठीत ठळक झाली, आणि हीच ‘भक्तिसारा’ची खरी निर्मिती आहे.

नांदेड-लातूरच्या भूमीवर ही जोड सहज दिसते. दत्त काशीला स्नान करतो, कोल्हापूरला भिक्षा मागतो आणि माहूरला निद्रा घेतो, अशी श्रद्धा आहे; तो माहूरगड नांदेड जिल्ह्यातच आहे. ‘भक्तिसारा’त वडाच्या ढोलीतून जन्मलेल्या वटसिद्ध नागनाथाचे वास्तव्य वडवाळ गावी सांगितले आहे, लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथ हे गाव आहे, आणि सोलापूरकडे मोहोळजवळच्या वडवळालाही नागनाथाचेच नाव लागते.