शेडनेटवर माणूस बसवायचा का? कॅटमरानच्या ट्रॅम्पोलिनची गोष्ट

आमच्या जुन्या होडीचं पुढं काय झालं, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. तर हा भाग त्यावरच. बसमध्ये, लेक्चरमध्ये किंवा हेडफोन घरी विसरल्यावर वाचता यावा म्हणून लिहून काढलाय. मधले "म्हणजे... म्हणजे..." तेवढे कापलेत.

सांगलीत होडी म्हटलं की कृष्णेतल्या शर्यती डोळ्यापुढं येतात. आमची तसली नाही. ही १६ फुटी, शिडाची कॅटमरान, सेकंडहँड. दोन अरुंद हल, त्यांना जोडणारे ॲल्युमिनियमचे आडवे पाइप, शीड, आणि दोन हलच्या मधल्या मोकळ्या जागेत ताणून बांधलेलं कापड. या कापडाला ट्रॅम्पोलिन म्हणतात. बसायचं त्यावर, सरकायचं त्यावर, पाय रोवायचे त्यावर. म्हणजे होडीला दुसरी जमीनच नाही. (कॅटमरान हा शब्द तमिळमधला बरं का. 'कट्टुमरम' म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके.)

आमच्या होडीचं मूळ कापड कुजलं होतं. मी इंजिनिअर, त्यात तासगावला मामाची बेदाण्याची शेड. तिथं शेडनेटचा अर्धा रोल पडून होता. हिरवी, ७५ टक्केवाली. म्हटलं, ५० पेक्षा ७५ मजबूत असणार. चार पदर केले, कडेला दोरी ओवली, बांधून टाकली. होडी अजून ट्रेलरवरच होती, अंगणात. मित्र वर चढला, दोन पावलं टाकली आणि मांडीपर्यंत आत गेला. खरचटण्यावर निभावलं. हेच पाण्यात झालं असतं तर? पाय जाळीत अडकलेला, होडी कलंडलेली, माणूस खाली. विचार केला की आजही पोटात गोळा येतो.

मामा शांतपणे म्हणाला, "आरं, ती जाळी ऊन आडवायला हाय, माणूस तोलायला न्हाई."

चूक तिथंच होती. शेडनेटवरचा आकडा ताकदीचा नसतोच. ७५ टक्के म्हणजे ७५ टक्के ऊन अडवते, एवढंच. आणि ती जाळी काही वर्षं उन्हात तापलेली होती. जुनी शेडनेट बोटांनी चुरून बघा, भुगा हातात येतो. शेडनेट पॉलिथिलीनची असते, आणि अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडत जातात. कंपन्या त्यात किरणांपासून वाचवणारी द्रव्यं घालतात, पण ती कायमची पुरत नाहीत. आपल्याकडं सांगलीच्या एप्रिलात पारा ४० च्या आसपास जातो. त्यामुळं कापड निवडताना आधी उन्हाचा विचार, मग ताकदीचा.

दुसरा सल्ला आला: सरळ ताडपत्री लाव, ट्रकची. मजबूत आहे, स्वस्त आहे, शिवणारा कोपऱ्यावर आहे. इथं जरा गणित करू. ट्रॅम्पोलिन २ मीटर बाय २ मीटर धरा. एक लाट वर आली आणि सरासरी ५ सेंटीमीटर पाणी साचलं, तर झाले २०० लिटर, म्हणजे २०० किलो. होबी १६ ही जगभर दिसणारी कॅटमरान आख्खी साधारण १४५ किलोची. होडीपेक्षा जड पाणी डोक्यावर नव्हे, पायाखाली! आणि ते एका जागी थांबत नाही, होडी जिकडं कलेल तिकडं धावतं आणि ती आणखी कलते.

वाऱ्याचंही तेच. आमचं स्वप्न शिवसागरचं, म्हणजे कोयनेच्या पाण्याचं. (परवानग्यांचा भाग वेगळा, त्यात अजून अर्ध्या वाटेवर आहोत.) त्या जलाशयावरच्या पठारावर वनकुसवड्याच्या पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या केलेल्या. जोराच्या झोतात एक हल पाण्यातून उचलला गेला की वारा ट्रॅम्पोलिनच्या खाली शिरतो. कापड बंद असेल तर ते दुसरं शीड होतं, आणि होडी उलटवायला मदत करतं. म्हणून छिद्रं हवीतच. पण फार मोठी नकोत, पायाची बोटं अडकतात.

मग उरलं काय?

नायलॉनची जाळी मी लगेच खोडली. नायलॉन पाणी पितो आणि भिजला की सैल पडतो. सकाळी घट्ट बांधा, दुपारी झोळी. डायनीमाची जाळी प्रचंड मजबूत आणि हलकी, पण महाग. ती ४० फुटी होडीच्या पुढच्या भागात शोभते, जिथं मोठ्या लाटा आदळतात. आमच्यासारख्या छोट्या होडीवर माणूस गुडघ्यांवर सरकतो. तिथं दोऱ्यांची जाळी म्हणजे गुडघ्यांची खिसणी.

लहान मुलांच्या उड्या मारायच्या ट्रॅम्पोलिनचं काळं कापड आठवा. ते विणलेलं पॉलिप्रॉपिलीन. हलकं, पाणी झटकन सोडणारं. काळा रंग कार्बनचा असेल तर ऊनही चांगलं झेलतो, मात्र तापला की बूड भाजतं. वाईट पर्याय नाही. फक्त सतत ताणाखाली ते हळूहळू लांबत जातं, अधूनमधून आवळावं लागतं.

आम्ही ठरवलं ते पीव्हीसीचा लेप असलेल्या पॉलिएस्टरची जाळी. रिसॉर्टच्या स्विमिंग पूलकडेच्या खुर्च्यांना ताणलेलं कापड असतं ना, त्याच घराण्यातलं. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीत नाही, कमी ताणतो, आणि लेपामुळं धाग्याला थेट ऊन लागत नाही. होर्डिंगची जाळीदार फ्लेक्सही याच कुळातली, पण पातळ. ती स्वस्तात मिळते म्हणून मोहात पडू नका.

दुकानदार काय म्हणतो त्यावर जाऊ नका, तुकडा घरी आणा. साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवा, म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. पूर्ण ओळख पटत नाही, पण "पॉलिएस्टर आहे" म्हणून दिलेलं तरंगलं तर पैसे परत मागा.

आता खरा घोळ, जो मला शेवटी कळला. कापड सहसा मधे फाटत नाही, शिवणीला उसवतं. दोरा कापडाच्या वर उघडा असतो, ऊन आधी त्यालाच खातं. ताडपत्री शिवणाऱ्याला दोरा कुठला ते विचारा. उन्हात टिकणारा जाड पॉलिएस्टर दोरा हवा, सुती तर नकोच. कडा दुमडून आत पट्टा घाला, मग पितळी रिंगा ठोका, आणि त्या जवळजवळ ठोका.

का? अजून एक गणित. २ मीटर रुंदीच्या मधोमध ७० किलोचा माणूस बसला आणि कापड १० सेंटीमीटर खाली गेलं, तर दोन्ही बाजूंना जवळपास ३५० किलोची ओढ बसते. २० सेंटीमीटर गेलं तर १७५. म्हणजे ढोलासारखं ताणलं की शिवण, रिंगा आणि पाइप सगळ्यांवर दुप्पट मार. फार सैल सोडलं तर लाटा खालून थपडा मारतात. आम्ही चालल्यावर थोडं दबेल एवढंच आवळलं, आणि आवळायची दोरीसुद्धा पॉलिएस्टरचीच घेतली.

नवं ट्रॅम्पोलिन गेल्या रविवारी बांधलं. ट्रेलरवरच, दोघं एकदम चढलो, उड्या मारल्या, वर दोन बादल्या पाणी ओतलं. एक थेंब थांबला नाही. मामा बघायला आला होता. कडेची शिवण अंगठ्यानं दाबून बघितली आणि म्हणाला, "ह्यो दोरा चांगला हाय. माझ्या शेडला कुठनं आणायचा?"