गोदीचे अनुदान आणि घाटाखालचे पोलाद

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. तरी उल्हास नदी कर्जतवरून कल्याणमार्गे वसईच्या खाडीकडे जाते आणि खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर मुख्यतः वाहणारी पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते, त्यामुळे गोदीचा व्यवहार या भागाला अगदीच परका नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी तेथे जहाजे बांधावयास घेतली, तेव्हा गिऱ्हाईक आणि खजिना एकच होते. आजच्या जहाजबांधणी-अनुदानाच्या योजनेत जहाज घेणारा वेगळा, बांधणारा वेगळा, आणि देशी गोदीला पडणारा जादा खर्च काही अंशी भरून देणारे सरकार हा तिसरा पक्ष असतो.

या खर्चाचे एक मोठे कारण महाग कर्ज आणि दुसरे आयात करावी लागणारी यंत्रे. पूर्वीची ३० टक्के अनुदानाची योजना १४ ऑगस्ट २००७ रोजी संपली आणि १ एप्रिल २०१६ पासूनच्या करारांना नवे अर्थसाहाय्य लागू झाले, ज्याचा दर २० टक्क्यांपासून सुरू होऊन दर तीन वर्षांनी ३ने उतरत १७, १४ आणि ११ असा ठरला. हिशेबासाठी करारातील किंमत, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम आणि मूल्यमापकांनी ठरवलेली ‘वाजवी किंमत’ यांतील सर्वांत लहान आकडा धरत. म्हणजे करार १०० कोटींचा आणि वाजवी किंमत ९० कोटी असली, तर २० टक्क्यांनी १८ कोटीच मिळत, तेही जहाज गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेल्यावर. बांधणीच्या काळातले व्याज गोदीनेच सोसायचे, ही २०१६ च्या योजनेची खरी उणीव होती.

२४ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींचे पॅकेज मंजूर केले. त्यात या साहाय्याची मुदत ३१ मार्च २०३६ पर्यंत वाढली आणि त्यासाठी २४,७३६ कोटी राखले गेले. खोपोलीच्या पोलाद उद्योगाला त्यातून थेट काही येत नाही, कारण पैसे गोदीला मिळतात आणि जहाजाच्या कवचाला लागते ती गरम-लाटलेली, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या वर्गीकरण संस्थेने, म्हणजे जहाजाचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेने, मान्य केलेली जाड प्लेट, लहान जहाजालाही सहा-आठ मिलिमीटरची. खोपोली परिसरातला थंड-लाटलेला, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सहसा तीन मिलिमीटरच्या आतला. जहाजात अशा पत्र्याला जागा मिळते ती हवा खेळवणाऱ्या नळांत आणि केबलच्या ट्रेमध्ये.