गरोदर बाईने सायकल चालवावी का? कितव्या महिन्यापर्यंत, कुठल्या रस्त्यावर, आणि पडलात तर काय करायचं

बदलापूर : दिवस गेल्याचं कळलं की घरात पहिली बंदी येते ती सायकलवर. वांगणी, चामटोली, मुळगावपासून नेवाळीपर्यंत अजूनही काही बाया कामाला, बाजाराला सायकलनेच जातात. त्यांच्यासाठी सायकल बंद म्हणजे रिक्षाचं भाडं किंवा उन्हातून पायपीट. म्हणून प्रश्न नीट समजून घेऊ.

सासूबाईंची पहिली भीती असते की सायकलच्या हादऱ्याने गर्भ पडतो. तसं नसतं. पहिल्या साधारण 12 आठवड्यांत गर्भपिशवी ओटीपोटाच्या हाडांच्या आत असते, बाळाला चांगलं संरक्षण असतं. सुरुवातीच्या महिन्यांत जे गर्भपात होतात, त्यातले बरेचसे गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. त्यामुळे एखादीचा गर्भ गेला, की "सायकल चालवली म्हणून झालं" असं तिच्या माथी मारणं चूक आहे. आधीच दुःखात असलेल्या बाईला आणखी दुखवू नका.

उलट, तब्येत ठीक असेल तर गरोदर बाईने आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सायकल हाही व्यायामच, आणि तिच्यावर शरीराचा भार सीट घेते. मध्यम म्हणजे किती? सायकल चालवताना बोलता आलं पाहिजे. बोलता बोलता धाप लागत असेल तर वेग कमी करा.

मग खरा धोका कसला? पडण्याचा. पोट पुढे आलं की शरीराचा तोल बदलतो, सांधे सैल पडतात, अचानक ब्रेक मारला की सावरता येत नाही. शिवाय 12 आठवड्यांनंतर गर्भपिशवी हाडांच्या वर येते, तेव्हा पोटावर बसलेला मार थेट तिला लागू शकतो. त्यात वार सुटण्याची भीती असते, आणि ते बाळ-आई दोघांच्या जीवावर बेततं.

म्हणून हिशोब असा ठेवा. सायकलची आधीपासून सवय असेल आणि डॉक्टरांची ना नसेल, तर पहिले महिने गावातल्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर चालवायला हरकत नाही. मळमळ, चक्कर असेल त्या दिवशी नको. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून पोट दिसू लागलं की कमी करा, आणि सातव्यानंतर रस्त्यावरची सायकल बंदच केलेली बरी. नव्याने शिकायची असेल तर बाळंतपणानंतर शिका. कोणाकडे जागेवरची व्यायामाची सायकल असेल तर तिच्यावर पडण्याची भीती फारच कमी, ती पुढेही चालते.

रस्त्याचं म्हणाल तर काटई-कर्जत रस्ता आणि आनंदनगर एमआयडीसीकडचा ट्रकचा रस्ता गरोदर बाईने सायकलवर घेऊच नये. पावसाळ्यात तर खड्डा पाण्याखाली दिसतच नाही. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, सुटका झालेल्यांत 9 गरोदर बाया होत्या. रेल्वेची ही गत, तिथे सायकलचं काय घेऊन बसलात! एप्रिल-मेच्या दुपारीही नको, सकाळी लवकर निघा, पाण्याची बाटली जवळ ठेवा.

सायकल मधला दांडा नसलेली हवी. सीट एवढं खाली घ्या की थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील, हँडल थोडं वर. ओढणी, पदर घट्ट खोचा, चेनमध्ये अडकून पडण्याचे प्रकार होतात. हँडलला पिशव्या, मागे पाण्याचा कॅन, हे नवऱ्याला आणू द्या.

अंगावरून रक्त जातंय, वार खाली आहे, गर्भपिशवीचं तोंड सैल आहे, रक्तदाब वाढलाय, अशा बायांनी सायकलला हात लावू नये. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तरी नाही. 11 च्या खाली म्हणजेच रक्त कमी, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायांचं रक्त कमी निघालं होतं. चक्कर येते ती बऱ्याचदा यानेच. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. तिथे रक्त तपासून घ्या आणि सायकलचं तोंडाने विचारा.

न्यूझीलंडच्या मंत्री ज्युली ॲन जेंटर 2018 मध्ये 42 आठवड्यांच्या गरोदर असताना बाळंतपणासाठी सायकलवर दवाखान्यात गेल्या, ती बातमी मोबाइलवर फिरली होती. सायकल विजेची होती, आणि बराचसा रस्ता उताराचा. आपल्याकडे कळा सुरू झाल्या की 102 किंवा 108 ला फोन लावा. सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्याची गाडी मोफत असते.

आणि पडलातच तर? पोटाला मार लागला असेल तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. वार सुटल्याचं काही तासांनीही कळतं, म्हणून डॉक्टर बाळाचे ठोके पाहत थोडा वेळ थांबवून घेतात. रक्त, पाणी जाणं, पोट कडक होणं, बाळ कमी हलणं, यातलं काही दिसलं तर क्षणभर थांबू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते आधी सांगा, कारण अँटी-डी इंजेक्शन लागलं तर ते 72 तासांच्या आत द्यावं लागतं. तपासणीचं कार्ड पिशवीत बरोबर ठेवा, रक्तगट त्यावरच लिहिलेला असतो.