विहीर विकून घर चालत नाही

गेल्या वैशाखातली गोष्ट. शाळेला सुटी लागली म्हणून मुलांना घेऊन मी गावच्या घरी गेले होते. गाव रत्नागिरीपासून तासाभराच्या अंतरावर. आंबा संपत आला होता आणि सासूबाई अंगणात रातांब्याची सोलं आगळात बुडवून वाळत घालीत होत्या. तेवढ्यात आमचे चुलत दीर एका पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे कुठल्याशा कंपनीसाठी जमिनी बघत फिरत होते. कंपनी कसली, काय बनवणार, हे त्यांना नीट सांगता येईना. एकरी भाव मात्र तोंडपाठ होता.

"सड्यावरची जमीन नाहीतरी पडीकच आहे तुमची," ते म्हणाले.

सासूबाईंनी हातातलं सोल तसंच धरून विचारलं, "पडीक? मग आमच्या विहिरीला पाणी कुठून येतं हो?"

पाहुणे हसले. खरं सांगायचं तर आम्हीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तोच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला.

आपल्याकडचा सडा म्हणजे परक्याला नुसता काळा कातळ दिसतो. सातबाऱ्यावरही तो बहुधा पोटखराब्यातच मोडतो. पण जांभा दगड सच्छिद्र. चार महिने कोसळणारा पाऊस तो पोटात घेतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना हळूहळू देत राहतो. श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर फुलं येतात, गुरांना गवत मिळतं. म्हणजे सडा हा आमच्या गावाचा हंडाच. तो विकून आलेल्या पैशाने पुढे पाणीच विकत घ्यावं लागलं, तर कमावलं काय?

मैत्रिणींनो, आपण सगळ्याजणी घरखर्चाची वही ठेवतो. अडचणीच्या वेळी पाटल्या मोडाव्या लागल्या तर ते पैसे आपण 'जमा' म्हणून आनंदाने मिरवतो का? मुळीच नाही. ती घरातली वस्तू गेली, हे आपल्याला लख्ख कळतं. देशाच्या वहीत मात्र अजूनही हीच चूक होते. कारखान्याचा नफा जमेला लिहिला जातो. नदी नासली, मासळी गेली, तर तो खर्च कुणाच्याच वहीत चढत नाही. तो सोसते नदीकाठची बाई.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. खेड तालुक्यात लोटे परशुरामची रासायनिक उद्योगांची वसाहत आहे. तिच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतली मासळी घटली, ही तिथल्या मच्छीमारांची जुनी तक्रार. पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात ती नोंदवली आहे. वसाहतीत काम मिळालेले लोक सुमारे ११ हजार, आणि मच्छीमारांच्या म्हणण्याप्रमाणे खाडीवरचा रोजगार गेलेले सुमारे २० हजार. एका हाताने दिलं ते सगळ्यांनी मोजलं, दुसऱ्या हाताने गेलं ते कोणी मोजलंच नाही. आधी मोजा तरी, एवढं म्हणायला काय हरकत आहे?

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. नागरिकशास्त्राच्या तासाला राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वे येतात. अनुच्छेद ३९ सांगतो की, देशातील साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताची व्हावी आणि संपत्ती थोड्यांच्या हाती एकवटून सर्वांचे नुकसान होऊ नये. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्यात ४८क हा अनुच्छेद आला. पर्यावरण, वने आणि वन्यजीव यांचे रक्षण हे राज्याचे काम ठरले. हे शिकवत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, हे सगळं लिहिलेलंच आहे, तर मग कंपनीवाल्यांना वेगळं पुस्तक असतं का?"

मला हसू आलं, पण उत्तर देता आलं नाही. घरी येऊन ह्यांच्या मदतीने शोधलं, आणि काय सांगू! कंपनीवाल्यांच्या पुस्तकातही तेच लिहिलेलं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६६ म्हणतं की, संचालकांनी भागधारकांचं हित पाहावंच, पण त्याबरोबर कामगारांचं, समाजाचं हित आणि पर्यावरणाचं रक्षणही पाहावं. आपल्याला ठाऊक असतो तो मोठ्या कंपन्यांचा दोन टक्क्यांचा नियम, ज्यातून शाळेला बाकं मिळतात, गावाला पाण्याची टाकी मिळते. ते वाईट नाही. पण विहीर नासवून वर टाकी भेट द्यायची, ह्याला आपल्याकडे उपकार म्हणत नाहीत.

तेव्हा देशाचं स्वप्न नव्याने रंगवायची गरज नाही. गांधीजींनी श्रीमंतांना संपत्तीचे विश्वस्त व्हा म्हणून सांगितलं. त्यांचे सहकारी जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ साली टिकाऊ अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. निसर्गाकडून घ्यावं, पण त्याला पुन्हा भरून यायला वाव ठेवावा, हे त्यांच्या विचारांचं सार. माझ्या सासूबाईंनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. पण फणस उतरवताना दोन-चार वरच ठेवतात, "पाखरांचे," म्हणून.

आता थोडं कडू बोलते. आपल्या रत्नागिरीला एका गोष्टीचा अभिमान आहे. नव्वदीच्या सुरुवातीला शहराजवळ औद्योगिक वसाहतीत स्टरलाइट कंपनीचा तांबे गाळण्याचा कारखाना येणार होता. धुराने आंबा जाईल, सांडपाण्याने मासळी जाईल, म्हणून शेतकरी, बागायतदार, बायाबापड्या रस्त्यावर उतरल्या. १९९३ साली बांधकाम थांबवावं लागलं. मी तेव्हा बालवाडीत. आई मला शेजारणीकडे ठेवून मोर्च्याला गेली होती, हे ती आजही सांगते.

पण कारखाना नाहीसा झाला नाही. तो तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाबद्दल त्याला १०० कोटी रुपये भरायला लावले. मे २०१८ मध्ये तिथल्या आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात १३ माणसं गेली. त्यांत एक कोवळी मुलगीही होती. मग कारखान्याला टाळं लागलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो पुन्हा उघडू देण्यास नकार दिला.

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आपण आपला उंबरा झाडला गो. केर शेजारणीच्या दारात गेला, ते कुठे बघितलं आपण?"

मला वाटतं, सगळं मर्म ह्यात आहे. ज्या गावाचा आवाज मोठा, ते वाचलं. ज्याचा लहान, त्याच्या दारात तेच संकट गेलं. तांबं तर आपल्याला हवंच आहे. आपल्या मिक्सरच्या मोटारीत ते आहे, भिंतीतल्या तारेत आहे. म्हणून नुसतं "आमच्याकडे नको" म्हणून भागणार नाही. "कुठेही असं नको" हा साऱ्या देशाचा नियम हवा. माणसं, पाणी, माती आधी आणि नफा त्यानंतर. त्या चौकटीत जो कारखाना बसेल तो खुशाल यावा, आणि नासवील त्यानेच ते निस्तरण्याचा खर्च सोसावा.

राजापूर तालुक्यातल्या बायकांनी हेच वेगळ्या रीतीने सांगितलं. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीचं भूसंपादन विरोधामुळे २०१९ मध्ये रद्द झालं. पुढे जागा सुचली बारसूची. एप्रिल २०२३ मध्ये माती तपासायला यंत्रं आली, तेव्हा रणरणत्या उन्हात बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. ह्याच बारसूच्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोणी माणसाचं आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वाघांचं चित्र कोरून ठेवलं आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पडीक म्हणतात ती जमीन ही!

पण नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती आमच्याच घरात आहे. माझा पुतण्या आयटीआय करून दोन वर्षं बसून होता. सासूबाईंचं बोलणं ऐकून तो मला म्हणाला, "काकू, सड्यात पाणी मुरतं हे मला कळतं. पण पाणी मुरून मला पगार मिळत नाही." काय चुकलं त्याचं? कोकणातली घरं मनीऑर्डरीवर चालली ती उगीच नाही. तरुण मुलाला नुसती निसर्गाची महती ऐकवून त्याचं पोट भरत नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काजू आहे, कोकम आहे, मासळी आहे. त्यावर प्रक्रिया करणारे कारखाने, शीतगृहं, सौरऊर्जेची कामं, कातळशिल्पं बघायला येणाऱ्यांची सोय, ह्यांत पैसा आणि अक्कल घालायला सरकारने तेवढीच घाई केली, तर ह्या मुलांना विहीर की पगार असं निवडावं लागणार नाही.

आपण घरात बसून काय करू शकतो? चार साध्या गोष्टी सांगते. घरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का, हे आधी बघा. कोणत्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका, मग तो कागद घरच्या माणसाने आणलेला का असेना. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, तिला जा. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरणाच्या परवानगीसाठी जनसुनावणी घ्यावी लागत असेल, तर तिची जाहिरात निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते आणि अहवालाचा मराठी सारांश लोकांना बघायला ठेवावा लागतो. तो मागून घ्या. समजला नाही तर शाळेतल्या मास्तरांकडून समजावून घ्या.

आमच्या जमिनीचं काय झालं, हे सांगायचं राहिलंच. चुलत दिरांनी त्यांचा हिस्सा विकला. मुलीचं लग्न होतं, मी त्यांना दोष देत नाही. आमच्या हिश्श्यावर सासूबाईंनी सही केली नाही. ऑगस्टच्या ग्रामसभेला त्या जन्मात पहिल्यांदा गेल्या. पुतण्यानेच स्कूटरवरून नेलं. तिथे त्याने उभं राहून विचारलं, "कंपनी येणार म्हणता, तर गावातल्या किती जणांना काम, कसलं काम, किती वर्षं? आणि कंपनी गेल्यावर पाण्याचं काय?"

उत्तर कोणाकडेच नव्हतं. ग्रामसेवक पुढच्या विषयाकडे वळू लागले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थांबा. पोराने विचारलंय ते प्रोसिडिंगात लिहून घ्या. लिहिलेलं मला वाचून दाखवा, मग मी अंगठा नाही, सही करीन."

त्यांनी ते लिहून घेतलं.