मनाचा राखणदार

काळोख्या रात्री पाऊलवाटेने चालणाऱ्या वाटसरूस पुढे काहीतरी वेटोळे घालून पडलेले दिसते. तो दचकून मागे सरतो. त्याची छाती धडधडू लागते, अंगावर काटा उभा राहतो. मग कंदील पुढे धरून तो निरखून पाहतो, तो काय! साप नव्हे, दोराचा जुना तुकडा! त्याला स्वतःचेच हसू येते. परंतु त्याचे घाबरणे हसण्यासारखे नव्हते. तो खरोखरीच साप असता, तर विचार करीत उभे राहणाऱ्याचा घात झाला असता.

असा वेळेवर इशारा देणारा राखणदार प्रत्येकाच्या मेंदूत असतो. दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूस बदामाच्या आकाराचे एकेक केंद्र असते. त्यास अमिग्डाला म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बदाम असाच आहे. संकटाची चाहूल लागताच अमिग्डालाकडून इशारा जातो. हृदय वेगाने चालू लागते, स्नायू ताठरतात आणि मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात मिसळतो. शरीर पळण्यास अथवा झुंजण्यास सज्ज होते.

या राखणदाराच्या शेजारी एक जाणता सोबतीही राहतो. त्याचे नाव हिपोकॅम्पस. स्मरणशक्तीचे मोठे काम त्याच्याकडे असते. 'ही जागा ओळखीची आहे, येथे भय नाही,' हे जाणण्यास तो साहाय्य करतो. रक्तातील कॉर्टिसॉल वाढले, की ते आवरते घेण्याच्या कामीही त्याचा हातभार लागतो. संकट टळले, की इशारा थांबावा आणि शरीर शांत व्हावे, अशी ही निसर्गाची योजना आहे.

पण संकट टळलेच नाही तर? घरात नित्य भांडणे असतील, कोणी रोज टाकून बोलत असेल, तर राखणदारास विसावा मिळत नाही. अशा सततच्या ताणाने मेंदूचे काय होते, याचा शोध बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी व त्यांचे सहकारी यांनी घेतला. हे केंद्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाच एक भाग होय.

त्यांनी काही उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास, हालचाल करता येणार नाही असे जखडून ठेवले. मेंदूतील पेशींना झाडासारख्या फांद्या असतात. या फांद्यांवाटे एका पेशीस दुसरीचा निरोप मिळतो. ताण सोसलेल्या उंदरांच्या हिपोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखूडल्या होत्या. अमिग्डालामधील फांद्या मात्र अधिकच फोफावल्या होत्या. जाणता सोबती दुबळा झाला होता आणि राखणदार अतिसावध बनला होता. हे उंदीर उघड्या वाटेवर येण्यास कचरत आणि भिंतींच्या आडोशास राहत. २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पुढे २००४ साली याहून विचार करावयास लावणारी गोष्ट प्रसिद्ध झाली. ताण थांबवून उंदरांना एकवीस दिवस विश्रांती दिली असता हिपोकॅम्पस पूर्ववत होतो. परंतु अमिग्डालाची वाढ तशीच राहिली होती आणि उंदरांची भीतीही गेली नव्हती. दहा दिवसांचा त्रास तीन आठवड्यांतही पुसला गेला नाही.

उंदरांवरून मनुष्याविषयी सर्वच अनुमाने काढता येत नाहीत. मनुष्याचा मेंदू कितीतरी अधिक गुंतागुंतीचा आहे. तथापि ही दोन्ही केंद्रे मनुष्यासही आहेत आणि दीर्घ ताणानंतर पुष्कळ माणसांच्या मनात चिंता घर करते, हा सर्वांचाच अनुभव आहे. पुरेशी झोप, खेळ, व्यायाम आणि विश्वासाच्या माणसाजवळ मन मोकळे करणे यांनी तो भार हलका होतो. भार फारच वाढला, तर वैद्यांचा सल्ला घेणे हिताचे असते.

एखादा मुलगा हाक मारताच दचकतो, एखादी मुलगी फळ्याजवळ उभी राहिली की थरथरते. अशांना सोबती 'भित्रा', 'भित्री' म्हणून चिडवतात. पण त्यांचा राखणदार किती दिवस जागा आहे, हे बाहेरून कोणास दिसत नाही. चिडवण्याने त्याची झोप आणखी उडते. शेजारी येऊन बसणाऱ्या मित्राच्या दोन शब्दांनी मात्र त्यास थोडी विश्रांती मिळते.